आधी न्याय हातातून सोड

बाळा, भावाला क्षमा करायची पण मन वळत नाही, असं म्हणालास. ओढूनताणून वळवू नकोस. बांधावरून चुलतभावाशी माझं बोलणं तुटलं, तेव्हा मीही मिरजेच्या चर्चमध्ये दर रविवारी 'तुझी इच्छा पूर्ण होवो' म्हणायचो आणि मनात त्याचं वाटोळं मागायचो.

येशूला पकडलं त्या रात्री तो ज्या बागेत प्रार्थना करत होता, ती गेथशेमाने; नावाचा अर्थ तेलाचा घाणा. तिथे येशूनेही तीच प्रार्थना 3 वेळा केली, एकदा म्हणून भागलं नाही. तू पहाटे गुडघे टेक, भावाचं नाव घे, 'प्रभू, त्याचा न्याय माझ्या हाती नको' एवढंच म्हण. राग लगेच जाणार नाही. माझा उसाचे दोन हंगाम टिकला. मग एका रात्री पाण्याची पाळी त्याची होती, तो तापाने पडलेला, आणि त्याची मोटर मीच चालू करून आलो.

मारहाण होत असेल तर मात्र भावाकडे एकटा जाऊ नकोस. चर्चच्या पाळकसाहेबांना सांग.