राणीच्या बागेत पोरांना झाडं कशी दाखवू?

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी चार. मे महिन्यात राणीच्या बागेत जायचंय. गेल्या वर्षी रविवारी गेलो होतो, अर्धा दिवस रांगेत गेला, पेंग्विन जेमतेम पाच मिनिटं बघितले आणि धाकटी रडून रडून कडेवरच झोपली. मला खरं तर तिथली झाडं दाखवायचीयेत, लहानपणी बाबांनी मला दाखवली होती. पण पोरांना पेंग्विन सोडून काही नको आणि मिस्टर म्हणतात झाडं काय आपल्या सोसायटीतपण आहेत! काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर: मिस्टरांना आधी सांगा की ही बाग झाडांचीच आहे, प्राणी नंतर आले. 1862 मध्ये मुंबईत भायखळ्याला ही बाग सुरू झाली, व्हिक्टोरिया गार्डन म्हणून, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पन्नासेक एकर जागा आणि त्यात जगभरातून आणून लावलेली झाडं, सोसायटीत कुठून येणार ही?

पण पेंग्विनशी भांडू नका, हरालच. उलट सकाळी साडेनऊला गेट उघडलं की आधी तिकडेच जा, म्हणजे पोरांच्या डोक्यातून तो विषय निघून जातो. रविवार टाळा, बुधवारी बाग बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद, यात खूप जण फसतात. आणि रांगेत उभं असताना मोठ्याला एक प्रश्न घालून ठेवा, हे पेंग्विन बर्फात राहणारे आहेत का? नाहीत! हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, 2016 मध्ये सोलहून आणले. गार एसीच्या खोलीत ठेवलेत म्हणून सगळ्यांना वाटतं अंटार्क्टिकाचे असणार.

मग झाडं. आणि इथे माझं ठाम मत, सगळी बाग दाखवायला जाऊ नका. तीन झाडं बस झाली. मी भाच्याला घेऊन गेले होते तेव्हा हौसेने पंधरा नावांची यादी केलेली, चौथ्या झाडापाशी तो म्हणाला आत्या हे संपणारे कधी?

पहिलं कैलासपती. याची फुलं फांदीच्या टोकाला नसतात, खोडातूनच दोरखंडासारख्या काड्या लोंबतात आणि त्यांना गुलाबी फुलं. खाली पडलेलं एखादं ताजं फूल मुलीच्या हातावर ठेवा, आत पाकळ्यांवर नागाचा फणा वाकलेला दिसतो आणि फण्याखाली पिंडीसारखा उंचवटा, म्हणूनच हे नाव. वास मस्त असतो. फळ मात्र तोफगोळ्याएवढं, जड, आणि फुटलं की अशी घाण सुटते की भाचा नाक धरून पळाला आणि मग परत वास घ्यायला आला, परत पळाला, असं तीनदा. त्या झाडाखाली मुलांना बसवू नका, गोळा डोक्यावर पडला तर महागात पडेल.

दुसरं गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, मूळची आफ्रिकेची. तिला नुसतं बघायचं नाही, मिठी मारायची. तुम्ही चौघं हात धरून कवेत घ्या, पुरत नाही म्हटल्यावर पोरं आपोआप खिदळायला लागतात. खोड एवढं जाड का तर आत पाणी साठवलेलं असतं, वर्षातले बरेच महिने एक पान नसतं तेव्हा त्यावरच निभावते. फूल रात्री उमलतं आणि परागीभवनाचं काम वटवाघळं करतात, हे सांगितलं की मोठा नक्की विचारेल आपण रात्री थांबू शकतो का.

तिसरं बहावा, मे महिन्यात पिवळेधम्म घोस लटकलेले असतात. भायखळा हे नावच भाया म्हणजे बहावा आणि खळं यावरून पडलं असं सांगतात, स्टेशनवरून चालत येतानाच ही गोष्ट सांगून टाका. (बागेत उर्वशी पण आहे, म्यानमारची, लाल फुलांचे झुलते गुच्छ, पण ती थंडीत फुलते, तेव्हा तिच्यासाठी वेगळी चक्कर मारावी लागेल.)

फुलं-पानं तोडायची नाहीत, पडलेलं उचलायचं. घरून एक कापडी पिशवी न्या.

प्रश्न: सासूबाईंचे गुडघे दुखतात पण त्यांनाही यायचंय. – तीच आई

उत्तर: आणा की, पण त्यांना फिरवू नका. सावलीत एका बाकावर बसवा, पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या चपला-पिशव्या त्यांच्याकडे, आणि पोरांनी गोळा केलेलं सगळं आजीकडे आणून दाखवायचं. झाडांची मराठी नावं आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतात, पाटीवरचं लॅटिन नाव वाचून मुलांना काही कळत नाही. निघताना जमलं तर बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारातला दगडी हत्ती त्यांना दाखवा. तो घारापुरीचा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलला तेव्हा तुटला, मग तुकडे इथे आणले आणि 1914 मध्ये परत जोडून उभा केला. नीट बघितलं तर सांधे दिसतात, माझ्या भाच्याने सगळ्या झाडांपेक्षा जास्त वेळ ते सांधे मोजण्यात घालवला.