‘चेतना गोठवणे’: दोन शब्द, दोन्ही निसटते

प्रश्न असा आहे: एका अनुवादात ‘मृत्यूनंतर माणसाची चेतना गोठवून ठेवण्याचे तंत्र’ असे शब्द आले आहेत. इथे ‘चेतना’ बरोबर की ‘जाणीव’? ‘गोठवणे’पेक्षा नेमके क्रियापद आहे का? आणि या साऱ्या खटाटोपाला, ज्याला इंग्रजीत ‘क्रायोनिक्स’ म्हणतात, एकच मराठी नाव द्यायचे तर कोणते?

आधी ‘गोठवणे’ घेऊ, कारण तिथली अडचण बोट ठेवून दाखवता येते.

‘गोठणे’ म्हणजे पातळ पदार्थ घट्ट होणे. त्यात थंडीची अट मुळात नाही. पाणी थंडीने गोठते, पण रक्त जखमेवर गोठते ते थंडीने नव्हे. तेल थिजते, भीतीने माणूसही थिजतो. मात्र देहाच्या संदर्भात ‘गोठवला’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो, आणि या क्षेत्रातल्या लोकांची सगळी धडपड बर्फ होऊ नये म्हणूनच असते.

बर्फाने नेमके काय बिघडते, याबद्दलही मराठीत एक ठरावीक वाक्य फिरते: ‘पाणी गोठून प्रसरण पावते आणि पेशी फुटतात.’ बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो, हे खरे. पण देह हळूहळू थंड होतो तेव्हा बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो. बाहेरचे पाणी स्फटिकांत अडकले की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, ते पेशीतले पाणी ओढून घेतात आणि आक्रसलेली पेशी स्फटिकांच्या बेचक्यात चेपली जाते. म्हणून अशा ठिकाणी ‘फुटतात’ऐवजी ‘आक्रसतात आणि चेपल्या जातात’ असे लिहावे. पेशीच्या आत बर्फ होतो तो थंडावा फार झपाट्याने दिला तर, आणि तेव्हा ती सहसा वाचत नाही.

हे टाळण्यासाठी रक्ताच्या जागी एक द्रावण भरतात. त्यात डायमिथाइल सल्फॉक्साइड, एथिलीन ग्लायकॉल, फॉर्मामाइड अशी रसायने निम्म्याहून अधिक असतात. त्यांची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. एकदम वाढवली तर पेशींतले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, आणि पुरेसा थंडावा येण्याआधी ही रसायने फार वेळ आत राहिली तर त्यांचे विष बाधते. सगळे जमले तर तापमान उतरत जाते तसे द्रावण दाट, आणखी दाट, चिकट होत जाते आणि उणे १२३ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते. स्फटिक न धरता घट्ट झालेला द्रव म्हणजे काच. इंग्रजी शब्द ‘व्हिट्रिफिकेशन’ लॅटिनमधल्या काचेच्या शब्दावरूनच आला आहे.

मराठीत याला काय म्हणावे? ‘काचवणे’ असे क्रियापद पाडण्याचा मोह होतो, पण ‘काचणे’ आपल्याकडे आधीच आहे. दोरी काचते, घट्ट पट्टा काचतो. ‘देह काचवला’ वाचून कोणालाही आवळून बांधल्याचाच भास होईल. त्यापेक्षा बाष्पीभवन, घनीभवन, द्रवीभवन या ओळीत बसणारा ‘काचीभवन’ बरा. त्यातला ‘ई’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा आहे: जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. आपोआप होते तेव्हा ‘काचीभवन’, कोणी घडवून आणते तेव्हा ‘काचीकरण’. आणि बोलीच्या अंगाने लिहायचे असेल तर ‘काचेसारखा घट्ट करणे’ यात काहीच कमीपणा नाही.

काच म्हटली की तिच्या गोतावळ्यातले शब्दही चपखल बसू लागतात. उणे १२३ अंशांच्या खाली, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत नेताना बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागे राहतो. पदार्थ आता घट्ट झालेला असल्याने ताण जिरायला वाव नसतो आणि मेंदूला तडे जातात. इथे ‘भेगा’ लिहू नये. भेगा जमिनीला आणि टाचांना, तडा काचेला आणि भांड्याला. भेग पडते, तडा जातो. ‘तडा’ या शब्दातला कडकपणा आणि अचानकपणा या घटनेला अगदी लागू पडतो. हे तडे कमी व्हावेत म्हणून शेवटचा टप्पा मुद्दाम संथ ठेवतात, किंवा उणे १४० अंशांच्या आसपासच थांबतात.

परत ऊब देताना उलटे संकट. घट्ट काच सैल होऊ लागली की ज्या स्फटिकांना आधी वेळ मिळाला नव्हता ते आता धरू लागतात, आणि त्यांना हरवायला थंड करतानापेक्षाही जास्त वेग लागतो. तोही सगळीकडे सारखा, कारण एक बाजू आधी तापली की पुन्हा तडे. उंदराच्या मूत्रपिंडापुरते हे साधले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी मूत्रपिंडे १०० दिवसांपर्यंत ठेवली, आत सोडलेल्या लोहकणांना बदलत्या चुंबकीय क्षेत्राने आतूनच तापवले आणि मग ती दुसऱ्या उंदरांत बसवली. माणसाच्या मेंदूइतक्या मोठ्या वस्तूला हे आजवर जमलेले नाही. या क्रियेला ‘वितळवणे’ म्हणणे खटकते, कारण वितळायला बर्फच नसतो. ‘पुन्हा ऊब देणे’ पुरे. ‘विरघळवणे’ तर नकोच.

तरीही ‘गोठवणे’ सरसकट खोडून काढू नये. अमेरिकी प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचा देह १२ जानेवारी १९६७ रोजी, पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने ठेवला गेला. असा ठेवलेला तो पहिला देह. त्या काळी काचीकरणाचे तंत्रच हाती नव्हते. त्यांना गोठवलेच होते, आणि तिथे ‘काचीकरण’ लिहिणे चुकीचे ठरेल. ‘गोठवलेला भ्रूण’ही रूढ आहे. अशा भ्रूणापासून पहिले मूल १९८४ साली जन्मले, आणि आता प्रयोगशाळेत भ्रूणांचे बहुधा काचीकरणच होत असले तरी बोलण्यातला शब्द कोणी बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. पण तांत्रिक वर्णनात एक गंमत टाळावी. मृत्यू घोषित झाल्याबरोबर देह बर्फाच्या पाण्यात ठेवून यंत्राने छाती दाबत राहतात आणि हेपारिन टोचतात. त्याचे वर्णन ‘रक्त गोठू नये म्हणून औषध देतात आणि मग देह गोठवतात’ असे झाले तर वाचक गोंधळणारच. ‘रक्त साकळू नये म्हणून’ लिहिले की सुटले.

नावाचा प्रश्न थोडक्यात. ‘क्रायोनिक्स’ हा शब्द १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्ल वर्नर यांनी घडवला. तो आणि ‘क्रायोजेनिक्स’ एक नव्हेत. क्रायोजेनिक्स म्हणजे अतिशीत तापमानाचे भौतिकशास्त्र. अग्निबाणाचे क्रायोजेनिक इंजिन त्या घरचे. पेशी, वीर्य, भ्रूण थंड करून टिकवणे याला ‘शीतजतन’ म्हणावे. कायद्याने मृत ठरलेला माणूस पुढे जिवंत करता येईल या आशेने ठेवणे म्हणजे क्रायोनिक्स. ते शास्त्राचे नाव असण्यापेक्षा एका भूमिकेचे आणि ती मानणाऱ्यांच्या प्रथेचे नाव आहे. होमिओपॅथीचे जसे भाषांतर करत नाही तसेच हेही करू नये. ‘हिमजतन’ मात्र कटाक्षाने टाळा: ज्याला टाळायचे त्याचेच नाव द्यायचे, असे होते ते.

आता ‘चेतना’. मराठीत या एका जागेसाठी निदान पाच शब्द दाराशी उभे असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

शुद्ध ही असते किंवा नसते. ती हरपते, माणूस शुद्धीवर येतो. भूल उतरली का, हे विचारताना हाच शब्द. भान त्याहून चंचल: पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाचेही भान सुटते. जाणीव कशाची तरी असते. वेदनेची, वेळेची, चुकीची, स्वतःच्या असण्याची. ‘मला जाणीव आहे’ एवढेच कोणी म्हटले तर ऐकणारा ‘कशाची?’ असे विचारेल. ‘ज्ञा’ धातूतून आलेला हा शब्द कर्म मागतो. चेतना ‘चित्’ धातूची. तिला कर्म लागत नाही, पण तिच्यात जिवंतपणाही मिसळलेला आहे: अचेतन म्हणजे बेशुद्ध नव्हे, निर्जीव. दगड अचेतन, भूल दिलेला माणूस बेशुद्ध. चैतन्य आणखी पुढचे, त्याला एकीकडे उत्साहाचा आणि दुसरीकडे अध्यात्माचा वास आहे, म्हणून तांत्रिक लेखनात ते सांभाळून वापरावे. ‘संज्ञा’ संस्कृतात या अर्थाने चालते, ‘संज्ञाहरण’मध्ये ती उरली आहे, पण मराठी वाचक ‘संज्ञा’ म्हणजे पारिभाषिक शब्द असेच वाचतो.

म्हणून तत्त्वज्ञानाच्या चर्चेत, म्हणजे ‘यंत्राला ती असू शकते का’ अशा वाक्यात, मी ‘जाणीव’ निवडेन. ‘यंत्राला चेतना’ म्हटले की यंत्र सजीव झाल्याचा दावा नकळत होतो. शिवाय जाणीव–नेणीव ही जोडी संतवाङ्मयापासून आपल्याकडे आहे, त्यामुळे उलट अर्थाचा शब्दही तयार मिळतो.

पण विचारलेल्या वाक्यात दोन्ही शब्द चालत नाहीत, आणि याचे कारण भाषेत नसून त्या तंत्रात आहे. उणे १९६ अंशांवर कुठलीही चेतापेशी काम करत नाही. शुद्ध नाही, भान नाही, जाणीव नाही. जे घडतच नाही ते जतन झाले असे कसे म्हणणार? तिथे राहते ती मेंदूची रचना: कोणती चेतापेशी कोणाला जोडलेली आहे, तो जोड किती पक्का आहे. स्मृती आणि स्वभाव या रचनेत टिकून राहतात, असे गृहीत धरून सगळा डाव मांडलेला आहे. या गृहीतकाला थोडा आधार शस्त्रक्रियेतून मिळतो. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत शरीर १८ अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण अर्ध्या तासाच्या घरात पूर्ण थांबवतात. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख सपाट होतो. नंतर रुग्ण शुद्धीवर येतो, आणि त्याला त्याची माणसे आठवतात. मधल्या काळात जाणीव कुठेही ‘ठेवलेली’ नव्हती. रचना शाबूत होती, तिच्यातून ती पुन्हा उभी राहिली. मात्र १८ अंश आणि उणे १९६ अंश यांत फार मोठी दरी आहे, हे लेखकाने झाकू नये.

या ‘रचने’साठी मराठीत एक सुरेख शब्द आहे: ठेवण. चेहऱ्याची ठेवण, अक्षराची ठेवण. भाग कसे बसवलेले आहेत ते. ‘मेंदूची ठेवण जतन करणे’ यात दावा नेमका तेवढाच राहतो. ‘जतन’ही इथे शोभतो, कारण तो ‘यत्न’पासून आला आहे: नुसते साठवणे नव्हे, जपून टिकवणे. देहाच्या टाकीतला द्रव नायट्रोजन उडत राहतो आणि वेळोवेळी भरावा लागतो, तेव्हा यत्न शब्दशः खरा.

ठेवण आणि जीव वेगळे काढले नाहीत तर पुढचे एक तंत्र मराठीत सांगताच येत नाही. त्यात ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन धमन्यांतून आत सोडून मेंदूतली प्रथिने एकमेकांना जखडून टाकतात, मग एथिलीन ग्लायकॉल भरून उणे १३५ अंशांवर ठेवतात. या पद्धतीने सशाचा मेंदू जपल्याबद्दल २०१६ मध्ये आणि डुकराचा जपल्याबद्दल २०१८ मध्ये ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेची बक्षिसे मिळाली. जोड इतके स्वच्छ राहतात की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात, पण तो मेंदू पुन्हा कधीही जिवंत होणार नाही. तो फक्त नकाशासारखा वाचता येईल. ‘जीव वाचवला’ आणि ‘ठेवण वाचवली’ यांतला फरक इथे टोकाला जातो.

असा नकाशा वाचण्याची मजल आज कुठवर गेली आहे? प्रौढ फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १,३९,००० चेतापेशींचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. त्याच वर्षी मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा आला, त्याची माहितीच १,४०० टेराबाइट भरली. म्हणून ‘मन संगणकावर चढवतात’ हे वर्तमानकाळातले वाक्य चूक आहे. ‘चढवता येईल असे काहींचे म्हणणे आहे’ इथपर्यंत ठीक.

याच संदर्भात ‘परकायाप्रवेश’ हा शब्द लेखांतून हौसेने येतो. शब्द देखणा आहे, पण परकायाप्रवेशात जीव एक देह सोडून दुसऱ्यात जातो. मागे उरतो तो रिकामा देह. संगणकावर मेंदूची ठेवण उतरवली तर ती हस्तलिखितासारखी उतरवली जाईल, आणि मूळ हस्तलिखित जागचे हलत नाही. तेव्हा ‘प्रत’ म्हणावे. ‘नक्कल’ म्हटले की खोटेपणाचा निवाडा आधीच होतो, ‘स्थलांतर’ म्हटले की तोच माणूस तिकडे गेला हे आधीच मान्य होते. ‘प्रत’ दोन्हीकडे झुकत नाही.

आयुष्य वाढवण्याच्या शब्दांतही असाच सैलपणा आहे. ‘सरासरी आयुर्मान’ वाढले म्हणजे ‘आयुर्मर्यादा’ वाढली असे नाही. सरासरी आयुर्मान नुसते बालमृत्यू घटले तरी वाढते. आयुर्मर्यादेची, म्हणजे माणूस जास्तीत जास्त किती जगतो याची, नोंद झालेली सीमा फ्रान्सच्या झान काल्माँ यांच्या १२२ वर्षांवर १९९७ पासून थांबलेली आहे. म्हातारपण रोखू पाहणाऱ्यांचे ध्येय ‘अजर’ होणे आहे, ‘अमर’ होणे नव्हे. अजर माणूस अपघातात मरू शकतो. आपण ‘अजरामर’ एका दमात म्हणतो, त्यामुळे सांधा दिसत नाही इतकेच. ‘चिरंजीव’ही अमर नव्हे, ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ.

तर मूळ वाक्य असे करता येईल: ‘मृत्यू घोषित झाल्यावर माणसाच्या मेंदूची ठेवण, पुढे तिच्यातून तो माणूस पुन्हा उभा करता येईल या आशेने, अतिशीत तापमानात जतन करण्याचे तंत्र.’ लांबले खरे. ‘आशेने’ हा शब्द मात्र काटछाट करताना उडवू नका. आणि त्या अनुवादाच्या पुढच्या परिच्छेदात ‘पुनरुजीवन’ असे छापले आहे, तिथे दोन ज हवेत: पुनर् + उज्जीवन, म्हणून पुनरुज्जीवन.