आबाजींची राजदूत मोटरसायकल १४ वर्षांपासून गोठ्यात उभी आहे, चालू करायची तर सुरुवात कुठून करू अन् खर्च किती येईल?

भाऊ, सगळ्यात पहिले किक मारणं बंद करा. तुम्ही लिहिलं की पोट्टे येता जाता किक मारून पाहतात अन् ती अर्ध्यातच अडकते, तर त्या पोट्ट्यांना आजच हाकला तिथून.

मी दारव्ह्याकडचा, यवतमाळ जिल्हा. आमच्या बाबांची राजदूत अशीच ११ वर्षं उभी होती, ती मी उठवली. मिस्त्री नाही मी, शेती करतो, म्हणून माझ्याजवळ चुकाच जास्त आहेत सांगायला.

किक काहून अडकते तर पिष्टनच्या रिंगा गंजून ब्लॉकला, म्हणजे पिष्टन ज्यात वरखाली होते त्या नळकांड्याले, चिकटलेल्या असतात. वरून जोर दिला की रिंग तुटते, तो तुकडा ब्लॉकला ओरखडे पाडते आणि मग जे काम पाचशे रुपयात होणार होतं त्याले पाच हजार लागतात. प्लग खोला, निघत नसेल तर त्याच्या बुडाशी डिझेल टाकून रात्रभर ठेवा. मग डिझेल अन् इंजिन ऑइल अर्धं अर्धं करून प्लगच्या भोकातून अर्धा कप सोडा, भोकाले चिंधी लावा अन् तीन दिवस तिच्याकडे पाहू पण नका. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं थोडं पुढं, थोडं मागं, थोडं पुढं, थोडं मागं. आमची पाचव्या दिवशी चुर्र करून हलली, माय आतून ओरडली की काय तोडलं रे बापा. हलल्यावर प्लग न लावताच किक मारून आतलं तेल बाहेर काढा, पण भोकासमोर उभे राहू नका, माझा चांगला शर्ट गेला त्यात. आठ दिवसातही नाही हलली तर मग हेड (ब्लॉकचं वरचं झाकण) अन् ब्लॉक उतरवावाच लागते. घाबरायचं काही नाही, हे इंजिन मूळचं पोलंडच्या एसएचएल एम-११ गाडीचं, एस्कॉर्ट्सनं इथं बनवलं, १७३ सीसी टू स्ट्रोक, त्यात व्हॉल्व नाही, कॅमशाफ्ट नाही. ब्लॉकमध्ये खड्डे पडले असतील तर लेथवाला बोर करून, म्हणजे आतून कोरून, देते आणि थोडा मोठा ओव्हरसाइझ पिष्टन टाकावा लागते.

आता गोठ्याची गोष्ट, ही कोणी सांगत नाही. गोठ्यात उभी गाडी म्हणजे नुसत्या पावसात उभ्या गाडीपेक्षा खराब, कारण ढोरांच्या मुतातून अमोनिया उठते अन् तो पितळ अन् तांब्याले खाते. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) पितळेचे, वायरी तांब्याच्या. माझ्या वायरिंगचं वरचं प्लास्टिक एकदम चांगलं दिसत होतं, सोललं तर आत हिरवा भुगा. वरून आम्ही युरियाची पोती पण गाडीले टेकवून ठेवत होतो, म्हणजे कल्पना करा. तर वायरिंग तपासत बसू नका, पूर्ण नवीन टाका. सहा व्होल्टची गाडी आहे, बल्ब अन् हॉर्न घेताना दुकानदार बारा व्होल्टचे हातात देते, पाहून घ्या.

जुनं पेट्रोल टाकीत असेल तर ते आता पेट्रोल राहिलं नाही, वार्निश झालं. टाकी उतरवा, मोकळी करा, दोन दिवस उघडी हवेत ठेवा. भोक पडलं असेल तरी लगेच वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त जोरात उडते. गंज काढायले मी मूठभर जुने नट अन् सफेद व्हिनेगर टाकून टाकी दोरीनं निंबाच्या फांदीले बांधली आणि पोट्ट्यांना हलवत बसवलं (किक मारायची हौस अशी जिरवली). मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, उन्हात कडक वाळवली, आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन त्या कामाचं आहे, आणि लगेच टू टी ऑइल (टू स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवलं आतून, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

सायलेन्सर काढून त्यात बारीक तार घालून पाहा. माझ्यात कुंभारीण माशीची मातीची घरं होती बोळकांडीभर, अन् एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं सरकी अन् कापूस भरला होता. मी हे न पाहता चार दिवस कार्बोरेटरच खोलत बसलो होतो की गाडी श्वास काहून घेत नाही.

करंट येते का पाहायचं तर प्लग टोपीत लावून बुड इंजिनले टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, अन् किक मारा. निळी ठिणगी पाहिजे. नसेल तर पॉइंटवर (करंट जोडणारी-तोडणारी लहान पट्टी) पांढरी बुरशी चढली असते, बारीक पॉलिश पेपरनं घासा, त्याच्या जोडीचा कंडेन्सर नवीनच घ्या.

आणि सगळ्यात मोठी चूक माझी ही, की गाडी चालू झाली म्हणून मी नाचलो. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं सांगितलं होतं सील चांगले आहेत, काही गरज नाही. क्रँकच्या, म्हणजे पिष्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही बाजूला ऑइल सील असतात, रबर इतके वर्षं कोरडं राहून लाकडासारखं कडक होते. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जाते, म्हणून एका बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा ओढते, मिक्स्चर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी आपोआप रेस पकडते. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल ओढून जाळते, पांढरा धूर थांबतच नाही. माझी हवा ओढत होती. मला वाटलं वा काय पिकअप आहे, आणि दिग्रस रोडवर चार किलोमीटरवर पिष्टन जाम होऊन मागचं चाक लॉक. पडलो नाही हेच नशीब. नवीन पिष्टन, पुन्हा बोर, पुन्हा सगळं. दोन सीलचे पैसे वाचवले होते! म्हणून इंजिन एकदा खोललं की सील अन् गॅस्केट बदलाच, कोणी काही म्हणो. पहिल्यांदा चालू केल्यावर रेस आपोआप चढली अन् चावी बंद करूनही गाडी थांबत नसली तर कार्बोरेटरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून हवा बंद करा. सुरुवातीचा धूर मात्र येईलच, तुम्ही तेल ओतलं होतं ना. टू टी ऑइल मी पेट्रोलमध्ये लिटरमागे ४० मिली टाकतो.

ब्रेकचे लायनर, टायर, ट्यूब, केबल, हे जुनं वापरायचंच नाही. टायर दिसायले चांगला असला तरी बाजूनं भेगा पाहा. चेन डिझेलमध्ये भिजवून चालली माझी.

पेंट शेवटी. लोक पहिले पेंट करून आणतात मग इंजिनसाठी पैसे राहत नाहीत, आमच्याच गावात एक अशी चमकती गाडी उभी आहे पोर्चमध्ये.

कागदं मात्र पहिले पाहा, पैसे लावायच्या आधी. आरसी आबाजींच्या नावावर असेल अन् ते आता नसतील तर वारसाच्या नावावर करायले फॉर्म ३१ लागते, सोबत मृत्यूचा दाखला अन् बाकी वारसांची संमती. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याले फॉर्म २५ अन् गाडी आरटीओत दाखवावी लागते. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलची ही फी २,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा, तो आधी विचारून या. विमा अन् नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, यांचा खर्चही धरून चाला. आरसी हरवली असेल तर आलमारीतले जुने विम्याचे कागद सांभाळून ठेवा, त्यावर इंजिन अन् चेसिस नंबर सापडते.

खर्च विचाराल तर माझा दुसऱ्या पिष्टनसकट २६ हजार गेला, ती चूक सोडून १९ धरा, पेंट अन् आरटीओ वेगळं. पार्ट मला नागपूर अन् अकोल्याच्या जुन्या दुकानांत फिरून मिळाले, काही एका दूधवाल्याच्या भंगार राजदूतमधून काढले. म्हणून जुना पार्ट फेकू नका, नवीन बसून गाडी चालेपर्यंत तरी नाहीच. खोलताना मोबाइलनं फोटो काढत जा अन् नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यात.

आता फक्त प्लग खोला अन् तेल सोडा. प्लगचं टोक काळं, पांढरं की लाल गंजलेलं आहे ते इथं लिहा, मग ब्लॉक खोलावा लागते का ते सांगतो.