फूड बँक म्हणजे नेमकं काय? ही कल्पना आली कुठून?

जगातली पहिली फूड बँक अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात १९६७ साली सुरू झाली: सेंट मेरीज फूड बँक. जॉन व्हॅन हेंगेल तिथल्या गरिबांसाठीच्या मोफत भोजनगृहात स्वयंसेवक होते. बागांमध्ये झाडाखाली पडून राहणारी संत्री-मोसंबी गोळा करून ते जुन्या गाडीतून आणत. एकदा दहा मुलांची एक आई त्यांना भेटली. किराणा दुकानामागच्या कचरापेटीतलं अन्न वेचून ती घर चालवत होती. तीच म्हणाली की, पैशांची असते तशी अन्नाची बँक हवी. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने भरावं, ज्याला गरज आहे त्याने काढावं. मला तर या कल्पनेची खरी जननी तीच वाटते.

सेंट मेरीज चर्चने एक रिकामी इमारत आणि ३,००० डॉलर दिले. पहिल्याच वर्षी सुमारे २,५०,००० पौंड, म्हणजे ११३ टनांच्या आसपास अन्न वाटलं गेलं.

काम आजही तसंच चालतं. चेपलेला डबा, मुदत जवळ आलेला पाव, आकाराने वाकडी भाजी असा खाण्याजोगा पण न विकला जाणारा माल गोदामात येतो. स्वयंसेवक तो निवडतात आणि स्थानिक संस्थांमार्फत तो गरजूंपर्यंत पोहोचतो.