प्रेम आणि सूड दोन्ही असलेला, शेवटपर्यंत खिळवून ठेवणारा जुना हिंदी रोमँटिक थ्रिलर कोणता?

डोळे झाकून बाजीगर बघा. १९९३ चा, अब्बास-मस्तान यांचा, शाहरुख आणि काजोलचा. मी पहिल्यांदा बघितला तो कोथरूडला मावशीकडे, बाहेर धो धो पाऊस, लाईट जाते की काय अशी धाकधूक, आणि मावशी मध्येच म्हणाली अगं नीट बघ, हा पोरगा दिसतो तसा नाहीये.

गोष्ट साधी आहे. वडिलांचा धंदा ज्याने गिळला त्याच्या घरात नायक शिरतो आणि त्याच्याच दोन्ही मुलींना प्रेमात पाडतो. लग्नाच्या ऑफिसच्या गच्चीवरचा सीन तर मला अजून आठवतो, शिल्पा शेट्टी छान नटून आलेली, लग्न होणार म्हणून खूश, तो तिला कठड्यावर बसवतो, गोड बोलत राहतो आणि क्षणात खाली ढकलून देतो, मावशीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला होता.

मला मात्र खरी कमाल काजोलची वाटते, कारण जिच्यावर आपला जीव जडलाय तोच बहिणीचा खुनी असेल तर काय करायचं हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि राखी, सगळं गमावून बसलेली नायकाची आई, तिला बघितलं की सूड का घेतोय ते पटतं पण त्या पोरीचा काय दोष हे काही केल्या पटत नाही!

अनु मलिकची गाणी छानच आहेत. आयरा लेविनच्या अ किस बिफोर डाइंग या कादंबरीवरून कल्पना घेतलीये, पण आई आणि सुडाचा धागा इथलाच. शेवट कुणाकडून ऐकू नका, आधी बघा.