डॉटनंतरचं नाव कोणाला मिळतं? वाचकांचे प्रश्न

वेबपत्त्यात शेवटच्या टिंबानंतर येणारं नाव म्हणजे टॉप लेव्हल डोमेन: '.कॉम', '.भारत' वगैरे. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने अशी नवी नावं देण्यासाठी २०१२ नंतरची पुढची मोठी फेरी २०२६ मध्ये ठेवली, अर्जांची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट. त्यानिमित्ताने नागपूर आणि विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी निवडीच्या निकषांबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ज्याची कल्पना चांगली, त्याला नाव द्यावं. त्यासाठी एवढे निकष आणि एवढी जाडजूड नियमावली कशाला? (धरमपेठ, नागपूर)

हा मार्ग एकदा वापरून झाला आहे. २००० साली प्रत्येकी ५०,००० डॉलर भरून चाळीसहून जास्त अर्ज आले. त्यांतून आयकॅनच्या संचालक मंडळाने सात नावं निवडली: .एरो, .बिझ, .कूप, .इन्फो, .म्युझियम, .नेम आणि .प्रो. निकष जाहीर झाले होते, पण कोणत्या निकषाला किती वजन हे ठरलेलं नव्हतं. निर्णय बैठकीतल्या चर्चेवर झाला. नाकारलेल्यांना आपण नेमके कुठे कमी पडलो ते कळेना, आणि २००१ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्यावर सुनावणी झाली.

त्यातून २००७ च्या धोरणात एक तत्त्व पक्कं झालं: निकष वस्तुनिष्ठ आणि मोजता येणारे असावेत, आणि ते अर्ज उघडण्याआधी पूर्ण जाहीर व्हावेत. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन परीक्षकांनी एकच फाइल तपासली, तर निकाल एकच यायला हवा. 'समाजाला उपयोगी असावं' हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही. 'नोंदणीचा डेटा त्रयस्थ संस्थेकडे नियमित जमा करण्याचा करार जोडा' हे टिकतं.

म्हणून २०१२ मध्ये 'कल्पना किती चांगली' हा प्रश्नच विचारला गेला नाही. अर्जदाराची पार्श्वभूमी, आर्थिक आणि तांत्रिक ताकद तपासली. मागितलेल्या नावामुळे गोंधळ होतो का ते पाहिलं. आणि पास झालेल्यांत एकाच नावावर दोघांचा दावा असेल तरच पुढचा टप्पा आला. १,९३० अर्ज आले, त्यांतून १,२०० हून अधिक नावं प्रत्यक्ष सुरू झाली. आमच्या मते पात्रता आणि प्राधान्य यांची ही फारकत हाच या पद्धतीचा कणा आहे. दोन्ही एकत्र केलं की गुणांकन करणाऱ्याची आवडनिवड आत शिरते.

काटेकोर निकषही चुकीचा असू शकतो. २०१२ मध्ये प्रत्येक अर्जाची तांत्रिक तपासणी वेगळी झाली, पण बहुतेकांची यंत्रणा चालवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. तीच उत्तरं शेकडो वेळा तपासली गेली. आता या सेवा पुरवठादारांचं मूल्यांकन वेगळं होतं आणि अर्जदार मंजूर यादीतला पुरवठादार निवडतो.

प्रश्न : आमचा बागायतदार आणि व्यापाऱ्यांचा संघ आहे. आम्ही '.संत्री' मागितलं आणि एखाद्या कंपनीनेही तेच मागितलं, तर संघ म्हणून आम्हाला प्राधान्य मिळेल का? (कळमना, नागपूर)

नुसता संघ असून भागत नाही. अर्ज 'समुदाया'च्या नावाने करावा लागतो आणि नावासाठी स्पर्धा असेल तर वेगळं गुणांकन होतं. २०१२ मध्ये ते १६ गुणांचं होतं आणि प्राधान्यासाठी किमान १४ लागत. चार कसोट्या, प्रत्येकी ४ गुण: समुदाय खरोखर अस्तित्वात आहे का, नावाचा आणि त्याचा संबंध, नोंदणीचे नियम, आणि पाठिंबा. २०२६ साठी गुणांची मांडणी चालू नियमावलीतूनच घ्या.

बरेच अर्ज दुसऱ्या कसोटीवर पडले. '.गे' या नावासाठी समुदाय म्हणून आलेल्या अर्जाला पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीत पैकीच्या पैकी मिळाले, पण संबंधाच्या कसोटीत शून्य. एकूण १० आले आणि प्राधान्य गेलं. अर्जात समुदायाची व्याख्या नावापेक्षा मोठी केली होती, म्हणजे त्या शब्दाने ज्यांना कोणी ओळखत नाही असे गटही आत घेतले होते.

तुमच्या बाबतीत अडचण उलटी आहे. 'संत्री' हा शब्द जगातल्या सगळ्या संत्र्यांना लागू पडतो आणि तुमचा संघ नागपूर परिसराचा. शब्द समुदायापेक्षा मोठा झाला की गुण जातात. नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे 'नागपूर' असलेलं नाव तुमच्या व्याख्येशी जास्त घट्ट बसेल; मात्र मग शहराच्या नावाचे नियमही लागू होऊ शकतात, ते पुढच्या उत्तरात पाहा.

तिसरी कसोटी पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि तिथे हलगर्जी करू नका. तिचे चार भाग: नाव कोणाला मिळेल, कसली नावं चालतील, त्यांवर काय टाकता येईल, आणि नियम मोडला तर काय. प्रत्येक भाग पुराव्याच्या भाषेत लिहा. 'खरा बागायतदार असावा' असं न लिहिता 'सातबारावर फळबागेची नोंद किंवा बाजार समितीचा परवाना' असं लिहा. शेवटच्या भागात तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, नाव कधी गोठवलं जाईल आणि अपील कुठे, हे चारही हवं. अपिलाची सोय नसेल तर अंमलबजावणीचा गुण हातचा जातो.

प्राधान्य मिळालं नाही तर आयकॅनचा लिलाव. २०१६ मध्ये '.वेब'चा लिलाव १३.५ कोटी डॉलरला गेला. २०२६ मध्ये अर्जदारांनी आपसात पैसे देऊन तडजोड करण्यास मनाई आहे. त्याऐवजी अर्ज करतानाच एक पर्यायी नाव देता येतं. ते नक्की द्या.

आणखी एक. २०१२ मध्ये '.कार' आणि '.कार्स' ही दोन्ही नावं दिली गेली आणि अशा जोड्यांमुळे लोकांचा गोंधळ होईल अशी टीका झाली. आता एकाच भाषेतलं एकवचन आणि अनेकवचन दोन्ही मिळत नाहीत. त्यामुळे कोणी '.संत्रं' मागितलं, तर तोही तुमचा प्रतिस्पर्धी.

प्रश्न : '.नागपूर' किंवा '.विदर्भ' घ्यायचं तर परवानगी कोणाची? (प्रतापनगर, नागपूर)

दोन्हींची वाट वेगळी आहे. नागपूर हे शहराचं नाव. डॉटनंतरचं हे नाव मुख्यतः शहरासाठी वापरणार असं अर्जातून दिसत असेल आणि ते शहराच्या अधिकृत कागदपत्रांतलं नाव असेल, तर संबंधित सरकारी यंत्रणेचं पाठिंब्याचं किंवा हरकत नसल्याचं पत्र लागतं. बरीच पत्रं मजकुरावरून अडकतात. 'आमच्या शुभेच्छा' असं पत्र निरुपयोगी. कोणतं नाव मागितलं आहे, ते कशासाठी वापरणार, आणि ते आयकॅनच्या या प्रक्रियेतून मागितलं जात आहे, हे यंत्रणेला माहीत असल्याचं पत्रात स्पष्ट दिसावं लागतं. नमुना पत्र नियमावलीत असतं, त्यातली वाक्यं बदलू नका. मराठीत 'नागपूर', हिंदीत 'नागपुर'. पत्रात आणि अर्जात एकच रूप हवं. दुसऱ्या कोणी दुसरं रूप मागितलं, तर दिसण्यातल्या साम्यामुळे दोन्ही एकाच स्पर्धेत टाकली जाण्याची शक्यता मोठी.

विदर्भाचं वेगळं. देशांच्या उपविभागांची नावं आयएसओ ३१६६-२ या आंतरराष्ट्रीय मानक यादीवरून ठरतात. तिच्यात भारताची राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश आहेत, विदर्भ नाही. म्हणजे या यादीच्या आधारे पत्राची सक्ती होत नाही. पण यादीत नाही म्हणून नाव मोकळं आहे असं समजू नका. 'पॅटागोनिया' हा अर्जेंटिना आणि चिलीतला प्रदेशही कुठल्या यादीत नव्हता. त्या नावाच्या कपडे कंपनीने अर्ज केला, दोन्ही देशांनी विरोध केला आणि २०१३ मध्ये अर्ज मागे गेला. '.अमेझॉन'वरून त्याच नावाची कंपनी आणि अमेझॉन खोऱ्यातले देश यांच्यातला वाद २०२० पर्यंत चालला. त्यामुळे सक्ती नसली तरी पाठिंब्याचं पत्र अर्जाआधीच घ्या.

प्रश्न : खर्च किती? (वर्धा)

२०२६ चं मूल्यांकन शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे साधारण दोन कोटी रुपये. ही फक्त सुरुवात. पुरवठादाराचे पैसे आणि आयकॅनचं दर तिमाहीचं शुल्क वेगळं. २०१२ च्या करारांत डीएनएस सेवा (वेबपत्त्यावरून योग्य संगणक शोधून देणारी यंत्रणा) महिनाभर १०० टक्के चालू असण्याची अट होती, आणि आठवड्यात एकूण चार तास बंद पडली तर आयकॅनने नेमलेला आणीबाणीचा चालक त्या नावाच्या यंत्रणेचा ताबा घेऊ शकत असे. डिसेंबर २०१७ मध्ये '.वेड' (.wed) या नावावर ही वेळ आली. फक्त आपल्या संस्थेसाठी मराठी पत्ता हवा असेल तर एवढं काही करू नका, '.भारत'खालचं नाव अधिकृत रजिस्ट्रारकडे (नावांची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे) अगदी थोड्या खर्चात मिळतं.

प्रश्न : '.वऱ्हाड' देवनागरीत चालेल का? त्यातल्या ऱ्ह चं काय? (अकोला)

हा 'र' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. टॉप लेव्हल नावात अदृश्य जॉइनर चालत नाही, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर दोन वेगळे पत्ते उभे राहतील. म्हणून पहिलाच प्रकार वापरा. कळफलकागणिक सवय वेगळी असते, तेव्हा अर्जात टाकायचा शब्द एकेक कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाचा संगणकातला क्रमांक) उलगडून तपासा. जॉइनरचा क्रमांक यू+२००डी आहे, तो कुठे दिसला की काढा. शब्द कागदपत्रातून कॉपी केला तर तो हमखास सोबत येतो.

अंक आणि संयोगचिन्हंही चालत नाहीत. देवनागरी नावात किमान दोन अक्षरं लागतात, तर रोमनमध्ये तीन. घ-ध, भ-म अशा जोड्यांमुळे तुमचं नाव आधीच्या एखाद्या नावासारखं दिसत नाही ना, ते लहान टाइपात छापून पाहा. देवनागरीत '.भारत', '.कॉम', '.नेट', '.संगठन' ही नावं आधीच आहेत.

नाव मिळालं तरी ते सगळीकडे चालेलच असं नाही. डॉटनंतर दोन ते चार रोमन अक्षरंच हवीत असं धरून बनवलेले जुने ऑनलाइन फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता नाकारतात. अर्जाच्या आर्थिक आराखड्यात पहिल्या वर्षांच्या नोंदण्या धरताना हे लक्षात घ्या. फुगवलेले आकडे परीक्षकाला पटले तरी नंतर बिल भरायला उपयोगी पडत नाहीत.