डिव्हिजनला ‘तुकडी’ म्हणावं का?

तासगावच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या पणजोबांचे इंग्रजी कागद ते मराठीत उतरवून काढताहेत. त्यात ‘टेन्थ इंडियन डिव्हिजन’ आहे. त्याचं त्यांनी ‘दहावी भारतीय तुकडी’ केलं, तर घरातले हसले, “आजोबा दहावी अ का ब?” मग शब्द कोणता? आणि पलटण म्हणजेच प्लाटून ना?

घरातले बरोबर जागी हसले. शाळेतल्या डिव्हिजनला आपण तुकडी म्हणतो, तेच भाषांतर सैन्यात शिरलं. पण तुकडी हा तुकड्याचाच धाकटा भाऊ. बंदोबस्ताची तुकडी, गस्तीची तुकडी, सगळं मूठभर माणसांचं. डिव्हिजनमध्ये माणसं बारा-पंधरा हजार, वर मेजर जनरल. तिला तुकडी म्हणणं म्हणजे कृष्णेला ओढा म्हणण्यासारखं.

खालून वर जाऊ. दहाएक जवानांचं सेक्शन, त्यावर बहुधा हवालदार. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. चार रायफल कंपन्या आणि जोडीला इतर मिळून साधारण आठशे जणांची बटालियन. तीच पलटण. तीन पलटणींची ब्रिगेड, आणि तीन ब्रिगेड, तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल असा सगळा संसार मिळून पायदळाची डिव्हिजन.

म्हणजे पलटण ही प्लाटून नव्हे, कानाला कितीही सारखी वाटली तरी. शब्द ‘बटालियन’वरून आला असं सहसा मानतात, वाटेत प्लाटूनचा वारा लागला असेल. दक्षिणेत तिचंच पट्टाळम झालं. (आमच्याकडं फलटण गावाचं नावही पलटणीवरून पडलं असं छातीठोक सांगणारे भेटतात. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, सतराव्या शतकातल्या. कवायती पलटणी आपल्याकडं आल्या अठराव्यात. हिशेब जुळत नाही.)

अर्थ पक्का करून घ्यायचा तर अपशिंगे मिलिटरीला जावं. साताऱ्याजवळचं हे गाव; पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचा स्मृतिस्तंभ तिथं उभा आहे. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांना मी विचारलं, “तुम्ही कुठल्या डिव्हिजनला होता?” ते म्हणाले, “डिव्हिजन काय, पोस्टिंग बदललं की बदलती. पलटण इचारा. जंगी!” जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ साली उभी राहिलेली. दुसरीला ‘काली पाचवी’ म्हणतात. यातली पाचवी हा पलटणीचा जुना नंबर, डिव्हिजनचा नव्हे.

सुभेदारांच्या उत्तरातच सगळी गोम आहे. रेजिमेंट हे घराणं. बेळगावला तालीम घ्यायची, पण लढायला पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये पांगलेल्या. इटलीतच बघा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे, १०व्या डिव्हिजनमध्ये, जुलै १९४४ मध्ये पडले. नामदेव जाधव पहिल्या पलटणीचे, ८व्या डिव्हिजनमध्ये, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर गाजले. दोघांची रेजिमेंट एकच, पाचवी मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचंच तेव्हाचं नाव.

मग डिव्हिजनला जुना मराठी शब्द नाही का? शिवकाळात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी पायदळाची उतरंड होती. त्यातले नाईक आणि हवालदार आजही फौजेत आहेत, पण हजारीच्या पुढं थेट सरनोबत येतो. महादजी शिंद्यांकडं द बॉइन या युरोपीय सेनानीनं पलटणी एकत्र करून ‘कंपू’ उभे केले. एकेका कंपूत दहाएक पलटणी, म्हणजे हा शब्द बराच जवळचा. पण आज कंपू म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात कुजबुजणारे चौघे आठवतात. पणजोबांना त्या कंपूत बसवू नये. ‘विभाग’ म्हणावं तर तो बांधकाम खात्याचा वाटतो.

तेव्हा सरळ डिव्हिजनच ठेवा. अपशिंग्यातले म्हातारेही तेच म्हणतात. फक्त आकडा शब्दात लिहू नका, अंकात लिहा, म्हणजे दहावीचा घोळ मिटेल. आणि कागदांत रेजिमेंटच्या नावाआधी एक लहान आकडा असेल, तो शोधा. ती पणजोबांची पलटण. वहीत पहिली ओळ तिची हवी.